चढावर उतरणे

परवा दुपारी सायकलची जुनी पिशवी झटकताना तिच्या बाजूच्या कप्प्यातून पाण्याची एक रिकामी बाटली बाहेर पडली. कोणीतरी तिच्यावर पाय दिला असावा अशी ती चेपली होती. कमरेशी दोन्ही बाजूंनी आत गेलेली, तळ वेडावाकडा झालेला आणि झाकण मात्र घट्ट बसलेले. कचऱ्याच्या डब्याकडे निघालेला माझा हात त्या झाकणापाशी थांबला, कारण ते मीच लावले होते, तांगलांग ला नावाच्या खिंडीत, 5,328 मीटर उंचीवर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या जवळजवळ निम्मा असतो. त्या विरळ हवेवर झाकण लावून बाटली खाली आणली, की बाहेरची भारदस्त हवा तिला चारी बाजूंनी दाबू लागते. जाताना याच्या नेमके उलटे झाले होते. वेफर्सची पाकिटे खिंडीगणिक फुगत गेली आणि सरचूच्या मुक्कामी त्यांतले एक फटकन फुटले, तेव्हा तंबूतल्या दोघांना वर दरड सुटली असे वाटले.

मनाली ते लेह हा साधारण पावणेपाचशे किलोमीटरचा रस्ता सायकलने दहा दिवसांत पार करायचा, अशी ती सहल होती. आम्ही तिला मोहीम म्हणत होतो. अकरा सायकलस्वारांच्या या मोहिमेबरोबर एक वाटाड्या, एक मेकॅनिक, दोन स्वयंपाकी, सामानाचा टेम्पो आणि शेवटच्या सायकलच्या मागे गोगलगाईसारखी सरकणारी एक बॅकअप गाडी होती. आम्ही धापा टाकत मुक्कामी पोचावे, तर तंबू आधीच उभे असत आणि कोणीतरी लसणाच्या गरम सुपाचे पेले घेऊन हसतमुखाने समोर येई. माणसाच्या कष्टांचीही अशी बडदास्त ठेवली जाते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. रानावनात, निर्मनुष्य डोंगरात आपण एकटे असावे ही हौस तर भागावी आणि संध्याकाळच्या भातावर वरणही असावे, अशी ती सोय होती. मी तिची थट्टा करते खरी, पण त्या सुपासाठी मी रोज दुपारी तीननंतर जगत होते.

पहिले दोन दिवस रोहतांगने घेतले. 2020 च्या ऑक्टोबरात अटल बोगदा सुरू झाला, तेव्हापासून लडाखकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या डोंगराच्या पोटातून नऊ किलोमीटर जाऊन पलीकडे निघतात आणि वरचा जुना घाट पर्यटकांच्या आणि सायकलवाल्यांच्या वाट्याला उरतो. लडाखी बोलीत आणि तिबेटीत 'ला' म्हणजे खिंड. आमच्या अकराही जणांची मातृभाषा मराठी असल्यामुळे 'उद्या बारालाचाला जायचे' या वाक्यातला 'ला' त्यांच्या खिंडीचा की आपल्या 'स, ला, ते'मधला, यावर जिस्पाच्या तंबूत रात्री बराच वेळ वाद चालला होता. एकाचे म्हणणे असे, की व्याकरणशुद्ध बोलायचे तर 'बारालाचालाला' म्हणायला हवे. ज्या उंचीवर हा वाद झाला, तिथून पुढे बोलण्यासाठी श्वास वाया घालवणे कोणालाच परवडले नाही.

आता माझी अडचण सांगते. मला चढावर उतरण्याची सवय आहे. वाक्य लिहिताना विचित्र दिसते, पण साध्या सायकलवर वाढलेल्या माणसाला त्यात काही खटकणार नाही. चढ आला की उतरायचे आणि उतार लागला की चढायचे, असा आमच्या वेळचा सरळ नियम होता. वडिलांची काळी बावीस इंची सायकल होती. पुढच्या नळीवर टॉवेलाची घडी, त्या घडीवर मी, आणि माझ्या डोक्यावर त्यांची हनुवटी, अशी आमची वरात रोज सकाळी शाळेच्या दिशेने निघे. वाटेत नदीवरचा पूल लागत असे. पुलाचा चढ सुरू होण्याआधी एक विजेचा खांब होता आणि त्या खांबापाशी वडील न चुकता उतरत. मला मात्र उतरू देत नसत. डावा हात हँडलवर, उजवा सीटवर ठेवून ते सायकल ढकलू लागले, की मागच्या चाकातून टिक टिक असा संथ आवाज येऊ लागे. पेडल मारत असताना तो आवाज कधीच येत नसे, म्हणून तो चढाचा आवाज आहे अशी माझी पक्की समजूत होती. त्या खांबापाशी सगळेच उतरत. दूधवाले उतरत, आमचे गणिताचे मास्तर उतरत, आणि पुलाच्या मध्यापर्यंत ही सगळी मंडळी शेजारी शेजारी चालत, पावसापाण्याच्या गोष्टी बोलत जात. एखादा पोरगा सीटवरून उठून, अंग हेलकावत चढ मारून गेला, तर त्याच्याकडे कौतुकाने कोणी पाहत नसे. 'चेन तुटेल तेव्हा कळेल,' एवढेच मास्तर म्हणत.

गिअरच्या सायकली आल्या आणि या सगळ्या प्रकरणात अब्रू शिरली. आमच्या गटातल्या तरुण मुलांचे एक ब्रीद होते, की चढावर पाय टेकवायचा नाही. मराठीत हार मानणारा हात टेकतो, सायकलवाल्यांनी तेच पायांवर आणले आहे. थांबायचे तर माथ्यावर, नाहीतर ठरलेल्या पाणथांब्यावर. मध्येच उतरून चालणे म्हणजे जवळजवळ पेपरात नक्कल करण्यासारखे. संध्याकाळी बोटाला ऑक्सिमीटर लावून प्रत्येकाच्या रक्तातला प्राणवायू मोजला जाई, तेव्हाही तीच चुरस. कोणाला अठ्ठ्याऐंशी, कोणाला चौऱ्याऐंशी, आणि मला एकदा एकोणऐंशी आले तेव्हा पंचविशीतल्या एका मुलाने, नापास झालेल्या भाचीच्या पाठीवर ठेवावा तसा, माझ्या पाठीवर हात ठेवला. पहिल्या दिवशी तो मला काकू म्हणत होता, रोहतांग उतरल्यापासून मावशी म्हणू लागला.

खरे म्हणजे या रस्त्याचे चढ फारसे उभे नाहीत. मालाने भरलेले ट्रक चढावेत अशा बेताने तो आखला असल्यामुळे तो डोंगराला वळसे घालत, वेळ घेत वर जातो. चढ सोपा असतो, हवाच कमी असते. सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पेडलचा एक पूर्ण फेरा मारला, तरी माझी सायकल दीड मीटरही पुढे सरकत नव्हती. हँडलवरच्या मीटरने माझा वेग ताशी पाच किलोमीटर दाखवला आणि उतरून ढकलू लागले तेव्हा चार. म्हणजे ज्याला आम्ही मान म्हणत होतो तो सगळा ताशी एका किलोमीटरचा होता. हा हिशेब मी मुलांना जेवताना सांगून पाहिला. त्यांनी तो विनयाने ऐकला आणि मीठ मागितले.

तांदीला मात्र माझ्या बाजूने एक साक्षीदार मिळाला. तिथे चंद्रा आणि भागा या दोन नद्या एकमेकींना मिळतात आणि पुढे चंद्रभागा होऊन वाहतात; तीच पुढे चिनाब. पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात, पण इथली चंद्रभागा तर दोन्ही नावे जोडूनच झालेली आहे. पुलावर सायकली उभ्या करून आम्ही सगळे नकळत हात जोडून उभे राहिलो. मी म्हटले, चंद्रभागेच्या काठी पोचायचे तर लाखो माणसे पायी जातात आणि त्यांना कोणी नापास करत नाही. त्यावर मावशी म्हणणारा मुलगा म्हणाला, 'मावशी, ते सायकल ढकलत जात नाहीत.' मुलगा हुशार होता.

आमचा वाटाड्या लेहजवळच्या एका खेड्यातला, तिशीचा. त्याच्या तोंडी सदैव एकच शब्द असे, 'थोडासा.' उद्याचा चढ केवढा, तर थोडासा. वारा असेल का, तर थोडासा. बर्फाचे पाणी दुपारी वाढते, म्हणून नाले सकाळीच ओलांडावे लागतात; अशाच एका नाल्यात घोट्यापर्यंत बुडून, बधिर झालेल्या पायांनी मी पलीकडे गेले तेव्हाही त्याने पाणी थोडेसेच असल्याचे सांगितले. प्लास्टिकच्या बाबतीत मात्र त्याच्याकडे थोडेसे काही नव्हते. चॉकलेटचा कागद वाऱ्यावर गेला, तर तो सायकल टाकून त्याच्यामागे धावे.

सरचूच्या पुढे गाटा लूप्स लागतात, एकावर एक रचलेली एकवीस वळणे. तिथे रस्त्याच्या कडेला एक छोटेसे ठाणे आहे. बर्फात बंद पडलेल्या ट्रकपाशी राखणीला थांबलेला एक क्लीनर मदत येण्याआधी तिथेच मेला, अशी गोष्ट ट्रकवाले सांगतात, आणि जाणारे-येणारे त्याच्यासाठी पाण्याच्या बाटल्या आणि सिगारेटी ठेवून जातात. बाटल्यांचा तो ढीग पाहून मला वाटले, आता वाटाड्याचा संताप होणार. त्याने माझ्या हातातली बाटली मागून घेतली, झाकण उघडले, दगडांवर अर्धे पाणी हळूहळू ओतले, झाकण पुन्हा लावले आणि बाटली मला परत दिली. भुतावर त्याचा विश्वास आहे का, हे मी विचारले नाही. पाणी मुरेपर्यंत तो तिथेच उकिडवा बसून होता.

नवव्या दिवशी तांगलांग ला. त्याच्या आधी मोरे मैदानाचा सपाट, लांबलचक पसारा संपतो आणि मग वीसएक किलोमीटर रस्ता फक्त वर जातो. मुले पुढे निघून गेली. माथा तीन-चार किलोमीटर उरला असेल, तेव्हा मी उतरले. ठरवून उतरले असे म्हणता येणार नाही. सायकल इतकी हळू झाली, की तिचा तोल गेला आणि पाय आपोआप खाली आला. बॅकअप गाडीने मागून हळूच हॉर्न दिला, म्हणजे बसायचे असेल तर बसा. मी हाताने नको म्हटले आणि ढकलू लागले. वीसेक पावले गेल्यावर मला मागच्या चाकातून टिक टिक ऐकू आले. सायकल पस्तीस हजारांची, हबच्या आत काय काय बसवलेले, पण आवाज तोच. वळणावर डांबराचे पिंप तापत होते आणि रस्त्याचे मजूर खडी पसरत होते. तोंडाला फडकी गुंडाळलेल्या एका बाईने मला पाहून आपले फावडे बाजूला घेतले आणि सायकलसकट जाता येईल एवढी वाट करून दिली. झारखंडातून, बिहारमधून ही माणसे दर उन्हाळ्यात इथे कामाला येतात. तिच्या बोटाला संध्याकाळी कोणी ऑक्सिमीटर लावत नसावे. मी मान खाली घालून पुढे गेले.

थोड्या वेळाने टिकटिक दुप्पट झाली. वळून पाहिले तर वाटाड्या. तो नेमाने सगळ्यांच्या मागे असे. तोही आता सायकल ढकलत माझ्याबरोबर चालत होता. मला ओशाळल्यासारखे झाले. म्हटले, 'माझ्यासाठी कशाला उतरलात? तुम्ही जा ना सायकलवर.' त्याने मागच्या गाडीकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणून म्हणाला, 'मॅडमजी, अच्छा हुआ आप उतर गईं. चार दिन से सीट पर बैठा नहीं जा रहा. गाइड पहले नहीं उतर सकता.'

त्यानंतर आम्ही दोघे माथ्यापर्यंत बोलत चाललो. म्हणजे तो बोलत होता. मला तेवढा श्वास नव्हता. त्याच्या आईची जर्दाळूची झाडे, यंदा उशिरा पडलेले गोठवणारे दंव, बहिणीची परीक्षा. पताका दिसू लागल्या, निळी, पांढरी, लाल, हिरवी, पिवळी, पुन्हा निळी, तसा तो पटकन सायकलवर चढला, कारण वर मुले कॅमेरे घेऊन उभी होती. त्याने डोळ्यांनी मलाही खुणावले. शेवटचे शंभर मीटर मी सायकलवरून गेले आणि माझा जो फोटो आहे तो त्या शंभर मीटरांचा आहे. वर उरलेले पाणी पिऊन मी बाटलीचे झाकण लावले. पुढे रुम्त्सेपर्यंतचा उतार, पहिली हिरवी शेते, ब्रेकवर गारठून आखडलेली बोटे, हे सगळे तासाभरात मागे पडले आणि आज त्यातले मला फारसे आठवतही नाही.

वडिलांना मी एकदा विचारले होते, त्यांच्या शेवटच्या आजारपणात, की तो पुलाचा चढ खरेच इतका अवघड होता का. मी वजनाने काडी होते आणि ते तेव्हा चाळिशीचेही नव्हते. ते थोडा वेळ आठवत राहिले आणि म्हणाले, 'चढ कुठला? मास्तर उतरायचे ना तिथे.'

बाटलीचे झाकण मी परवा उघडले. एक बारीकसा सुस्कारा आला, बाटली टक् टक् करत अर्धीअधिक पूर्ववत झाली. कमरेचा एक पोचा तेवढा राहिला. झाकणाला दाभणाने चार भोके पाडली आहेत. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी शिंपडायला बरी पडते.