बॅफल एक नव्हतीच, दोन होत्या

लाकडावर चालणाऱ्या माझ्या जुन्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) स्टोव्हमध्ये अडकलेली बॅफल, म्हणजे ज्वाळा सरळ धुराड्यात जाऊ नयेत म्हणून वर आडवी बसवायची प्लेट, काल रात्री अखेर कापून बाहेर काढली. पाच संध्याकाळी गेल्या. पण ती कापली म्हणूनच या स्टोव्हचं कोडं सुटलं, त्यामुळे आज बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हे लिहायला बसले.

मागच्या नोंदीनंतरची किरकोळ कामं पटकन सांगते. लाकडाखालची जाळी बसली, हलत नाही. दाराच्या कडेची, फट बंद करणारी दोरी बदलली. दारात कागद धरून दार लावलं तर चारही बाजूंनी कागद ओढून निघत नाही, म्हणजे दार नीट मिटतंय. (जुन्या स्टोव्हची मूळ दोरी कोरडी खरवडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. मी आधी तपासून घेतलं, मगच हात लावला.) डावीकडचा तुटलेला कान (बॅफल ज्यावर टेकते तो खुंट) वेल्डिंगने जोडायचा नाही हे ठरलेलंच होतं, कारण बिडात कार्बन इतका असतो की जोडाशेजारी सहज तडा जातो. त्याऐवजी भोक पाडून अँगलचा तुकडा 8 मिमीच्या बोल्टने बसवला. बिडाला भोक पाडायला मला फार आवडतं. तेल लागत नाही, लांब कुरळे किस निघत नाहीत, ग्राफाइटची काळी मऊ भुकटी अलगद खाली पडत राहते.

आता बॅफल. मूळ प्लेट हरवलेली, नमुना नाही, माप नाही. तिच्याशिवाय ज्वाळा सरळ धुराड्यात जात होत्या आणि नळीवरचा थर्मामीटर 340 अंश दाखवत होता. जी उष्णता खोलीत यायची ती वर निघून जात होती. शिवाय लाकडातून सुटणारा वायू नीट पेटायला वरचा भाग साधारण 600 अंशांपर्यंत तापलेला लागतो, आणि तो तसा ठेवायचं काम बॅफलचंच.

मी 6 मिमी माइल्ड स्टीलची एकच अखंड प्लेट केली. आतली रुंदी 400 मिमी, प्लेट 399. एक टोक खाली करून तिरकी आत घातली, मग ते टोक वर उचलून कानांवर टेकवलं. इतकी नेमकी बसली की मी खूश झाले. चूक नेमकी तिथेच होती.

तिसऱ्या जाळाला मधोमध पोट सुटलं. नंतर हिशेब केला. स्टील दर अंशाला दर मीटरला 0.012 मिमी वाढतं. 400 मिमीची प्लेट 600 अंशांनी तापली की जवळजवळ 3 मिमी लांब होते. बिडाची बॉडी जाड, ती सावकाश तापते. प्लेट मात्र थेट ज्वाळेत, काही मिनिटांतच लालसर होते. मी जागा ठेवली होती 1 मिमी. उरलेले दोन मिमी जाणार कुठे? प्लेट बाक घेते, आणि 400 मिमीवर दोन मिमीची अडचण म्हणजे मधोमध सतरा मिमीचा बाक. हा आकडा कागदावर उतरला तेव्हा मी दोनदा पडताळून पाहिला.

गार झाल्यावर डावं टोक कानावरून घसरून नव्या बोल्टच्या डोक्यामागे रुतलं. हातोड्याने ठोकलं असतं तर उरलेला कानही गेला असता. ग्राइंडर आत पोचेना. शेवटी हॅक्सॉचं पान एका टोकाला फडक्यात गुंडाळलं आणि मधोमध हाताने कापत गेले.

अर्धा तुकडा निघाला, दिवा आत धरला आणि डोकं घालून पाहिलं. मागच्या भिंतीला प्लेट टेकायची जी पट्टी आहे, तिच्या बरोबर मध्यावर 4 मिमी जाडीचा एक उंचवटा आहे. तो मला आधीही दिसला होता. ओतकामात साच्याच्या फटीत शिरलेलं जादा बीड समजून मी तो छिन्नीने उडवणार होते! आता ओल्या बोटाने काजळी पुसली, तर त्याच्या दोन्ही बाजूंना दोन वेगवेगळे स्वच्छ ठसे. दोघांच्या कडा उंचवट्याच्या जरा अलीकडेच थांबलेल्या. मूळ बॅफल दोन तुकड्यांची होती, आणि ज्याने हा स्टोव्ह ओतला त्याने वाढीची जागा मध्ये ठेवली होती.

दोन तुकडे दारातून सरळ आत जातात. तिरकं करणं नाही, फिरवणं नाही.

प्रत्येक अर्ध्याला आता 198 मिमी जागा. मी 195 चे दोन तुकडे कापले आणि मधली फट झाकायला एकावर 30 मिमीची पट्टी रिव्हेट केली. तेवढ्यात प्लेटची पुढून मागची लांबीही कमी केली. आधी पुढे फक्त 30 मिमी वाट सोडली होती आणि दार उघडलं की धूर खोलीत येत होता. 150 मिमीच्या नळीचं क्षेत्रफळ साधारण 177 चौरस सेंटिमीटर. 400 मिमी रुंदीवर तेवढी वाट हवी तर किमान 44 मिमी सोडायला हवेत. मी 48 सोडले.

आज सकाळी जाळ केला. ज्वाळा प्लेटखालून पुढे सरकते आणि काठावर वळून वर जाते. मी बराच वेळ काचेसमोरून उठले नाही. तेवढ्याच लाकडात नळीवर 220 अंश.

हे तुकडे तात्पुरतेच. एवढ्या उष्णतेत माइल्ड स्टीलला पापुद्रे सुटत जाणार. पक्क्या कामासाठी 310 नावाचं, उष्णता सोसणारं स्टेनलेस स्टील मागवलं होतं. आलेल्या पत्र्याला चुंबक खाडकन चिकटलं. 25 टक्के क्रोमियम आणि 20 टक्के निकेल असलेल्या 310 ला ते असं चिकटत नाही. विक्रेता म्हणे, ‘उष्णतेला सगळं सारखंच.’ सारखं नसतं. पत्रा परत पाठवला. यापुढे पत्रा घेताना चुंबक खिशात ठेवा. सगळ्या स्टोव्हना बसते म्हणून तयार विकली जाणारी बॅफलही घेऊ नका. मी पाहिलेल्यांपैकी एकीलाही वाढीची जागा सोडलेली नव्हती.

पुन्हा 310 मागवणार होते, पण ते माइल्ड स्टीलपेक्षा जास्त वाढतं, म्हणजे फटीचा हिशेब नव्याने. आणि हे लिहिता लिहिता लक्षात आलं की दोन्ही अर्धे अगदी सारखे आहेत! मोठ्या प्लेटचं ओतकाम मी लाकडी नमुन्याच्या (ज्यावरून साचा घेतात त्याच्या) आकारामुळे सोडून दिलं होतं. आता एकाच छोट्या लाकडी नमुन्यावर दोन्ही तुकडे बिडात ओतून घेता येतील. पट्टी वेगळी रिव्हेट करायची, म्हणजे नमुना सपाटच राहील. बीड गार होताना साधारण एक टक्का आकसतं, तेव्हा नमुना 197 मिमीचा, कडांना थोडा उतार. 310 रद्द. लाकूड मापाने कापून शिकंज्यात लावलंय, उद्या कानस.