अर्थमंत्री गेल्या त्या सोमवारी

कॅनडात, मिसिसागातल्या आमच्या लहानशा टॅक्स ऑफिसात डिसेंबर म्हणजे "हे आत्ता विका, ते जानेवारीत ढकला" सांगण्याचा महिना. १६ डिसेंबर २०२४ ला दुपारी चारला, बाजार बंद झाल्यावर, राजधानी ओटावात सरकारचं आर्थिक निवेदन मांडलं जाणार होतं. सकाळी नवाच्या सुमारास अर्थमंत्री क्रिस्टिया फ्रीलंड यांनी राजीनाम्याचं पत्रच एक्सवर टाकलं. शुक्रवारी पंतप्रधान ट्रूडोंनी त्यांना अर्थखातं काढून घेत असल्याचं सांगितलं होतं. पत्रात महागड्या राजकीय क्लृप्त्यांवर टोला होता.

आमचे सीनियर पार्टनर म्हणाले, "चारपर्यंत कुणाला काही बोलू नका." त्यांचं काय जातंय, फोन मी उचलते.

पहिला फोन एका हॉटेलवाल्याचा. त्या शनिवारपासून दोन महिन्यांची जीएसटी-एचएसटी, म्हणजे विक्रीकराची, माफी सुरू झाली होती. आमच्या ऑन्टारियो प्रांतात पूर्ण १३ टक्के माफ, पण बिअर-वाइनला माफी आणि व्हिस्कीला कर. शनिवारी रात्रभर त्याचं बिलिंग मशीन सगळ्यालाच शून्य लावत होतं. "बाई गेल्या, मग माफीही गेली का?" नाही, तो कायदा झालाय. २१ नोव्हेंबरला घोषणा, १२ डिसेंबरला राजमान्यता. बिअरसाठी तीन आठवडे पुरले.

मग काकांचा फोन. काका मूळचे सांगलीचे, ब्रॅम्प्टनला पत्र्याच्या पार्ट्सचं वर्कशॉप, बराचसा माल अमेरिकेत मिशिगनला जातो. ट्रम्प २५ टक्के आयातकर लावणार म्हणाल्यापासून त्यांची झोप उडालेली.

"अगं, त्या गेल्या की! मग तो भांडवली नफ्याचा कर?"

इथे मला थोडं सविस्तर सांगू द्या, कारण माझं डोकं इथेच तापतं. एप्रिल २०२४ च्या बजेटमध्ये घोषणा झाली की २५ जूनपासून कंपन्यांच्या भांडवली नफ्याचा (मालमत्ता विकून झालेल्या नफ्याचा) अर्धा नव्हे, दोन तृतीयांश भाग करपात्र धरायचा. ऑन्टारियोत कंपनीला शंभर डॉलर नफ्यावर साधारण २५ डॉलर कर बसायचा, तो ३३ होणार. (यातला काही भाग लाभांश काढल्यावर परत मिळतो, पण काकांना ते ऐकवलं की ते फोन ठेवतात.) काकांच्या होल्डिंग कंपनीकडे (मालमत्ता बाळगण्यापुरत्या कंपनीकडे) वर्कशॉपचा गाळा होता, वीस वर्षांपूर्वीच्या किमतीला घेतलेला. घाईघाईत २५ जूनच्या आत विकला आणि त्याच गाळ्यात भाडेकरू झाले.

आणि डिसेंबर आला तरी कायद्याचा पत्ता नाही! संसदेत नुसती प्रस्तावाची सूचना. तेवढ्या कागदावर करखातं नव्या दराने आकारणीची तयारी करत होतं. इथली जुनी प्रथा आहे ती, मान्य. पण एरवी मागोमाग विधेयक येतं. लोकांना वाटतं धंदेवाले कर जास्त म्हणून ओरडतात. माझे क्लायंट ३३ ही भरतील, फक्त आकडा कुठला ते एकदाच सांगा.

चारला निवेदन कुणी वाचलंच नाही, सरकारच्या सभागृह नेत्या कॅरिना गूल्ड यांनी ते सभागृहात नुसतं ठेवलं. सरकारची तूट ४०.१ अब्ज डॉलरच्या आत ठेवू म्हणाले होते, निघाली ६१.९ अब्ज. नवे अर्थमंत्री डॉमिनिक लब्लां यांचा शपथविधीही दुपारीच उरकला. काकांच्या प्रश्नाचं उत्तर कुठेच नव्हतं, म्हणून मी सांगितलं, "नवा दर धरूनच चला."

६ जानेवारीला ट्रूडोंनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं, संसद स्थगित. ३१ जानेवारीला ती वाढ २०२६ वर ढकलली, २१ मार्चला ट्रूडोंच्या जागी आलेल्या कार्नींनी रद्दच केली.

काकांच्या फाइलीत गाळा विकायचा सल्ला देणारं माझं जूनचं पत्र आहे. तीच माहिती हाती असेल तर आजही मी तेच लिहीन. काका भांडत नाहीत. दर महिन्याची भाड्याची पावती मात्र न चुकता मला मेल करतात. मी मागितलेली नसताना.