बोरोबुदूरचे पाणी

बोरोबुदूर या इंडोनेशियातील प्राचीन बौद्ध वास्तूची आपण पाहिलेली बहुतेक छायाचित्रे पहाटेची असतात. त्यांत दरीत धुके साचलेले असते, मागे मेरापी ज्वालामुखीच्या शिखरावर कोवळे ऊन असते आणि पुढे जाळीदार स्तूपांच्या रांगा असतात. मी तेथे पोहोचलो तो जानेवारीतला दिवस होता, म्हणजे जावा बेटावरचा ऐन पावसाळा, आणि धुके, ऊन, मेरापी यांपैकी काहीही दिसत नव्हते. योग्यकर्ता शहरापासून वायव्येला सुमारे ४० किलोमीटरचा रस्ता संपला तेव्हा पावसाने असा जोर धरला होता, की वर जाण्याआधी आमच्या तुकडीला बराच वेळ आडोशाला थांबावे लागले. त्या वेळी मनातल्या मनात मी नशिबाला बोल लावले खरे; पण आता वाटते, की ही वास्तू समजून घ्यायची असेल तर ती भर पावसातच पाहावी. बांधली जात असल्यापासून आजपर्यंत तिच्यावर जे जे ओढवले आणि तिच्यासाठी जे जे केले गेले, त्याचा फार मोठा भाग पाण्याशी निगडित आहे.

बोरोबुदूर हे आपल्या नेहमीच्या अर्थाने मंदिर नाही. त्याला गाभारा नाही, सभामंडप नाही, आत शिरावे असे दालनही नाही. केडूच्या सुपीक मैदानातील एका नैसर्गिक टेकडीला आकार देऊन, हवी तेथे भर घालून, तिच्यावर दगडाचे कवच चढवले आहे. खाली चौरस आकाराचे सहा थर, त्यांवर वर्तुळाकार तीन आणि सर्वांत वर एक मोठा बंद स्तूप अशी ही रचना आहे. पायाची बाजू सुमारे १२० मीटर भरते आणि अंदाजे ५५ हजार घनमीटर अँडेसाइट, म्हणजे ज्वालामुखीतून आलेला करडा दगड, येथे वापरला गेला आहे. हे काम शैलेंद्र राजवंशाच्या काळात, आठव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू होऊन नवव्या शतकाच्या पूर्वार्धात पूर्ण झाले असे मानले जाते. ते कोणी करवले आणि कोणत्या स्थपतीने केले, हे सांगणारा एकही लेख वास्तूवर नाही.

याच आठव्या शतकात आपल्याकडे वेरूळला राष्ट्रकूटांचे कैलास लेणे कोरले जात होते. दोन्ही ठिकाणी पर्वताची कल्पना दगडात उतरवलेली आहे. मात्र रीत अगदी उलटी आहे. कैलास हा एकसंध कातळ वरून खाली कोरत नेलेला असल्यामुळे त्याला सांधा असा नाहीच. बोरोबुदूर म्हणजे सांध्यांचाच डोंगर. चुना किंवा अन्य कोणताही बंधक न वापरता, खाचा आणि खुंट्यांच्या आधाराने एकमेकांत अडकवलेले लाखो दगड, आणि त्यांच्या पाठीमागे माती. उष्ण कटिबंधातला पाऊस त्या सांध्यांतून आत शिरतो, माती भिजते, फुगते, जड होते आणि भिंतीला आतून बाहेर रेटू लागते. बांधणाऱ्यांना याची जाण नव्हती असे मुळीच नाही. प्रत्येक थराच्या कोपऱ्यांवर त्यांनी पाणी बाहेर फेकण्यासाठी मकरमुखे बसवली आणि त्यांची संख्या शंभर आहे. जबडा वासलेले, सोंड उंचावलेले ते मकर सुंदर आहेतच. पण आधी ते पन्हाळी आहेत, हे पावसात उभे राहिल्यावर चटकन ध्यानात येते.

या वास्तूचे सर्वांत विलक्षण अंग मात्र डोळ्यांना दिसतच नाही. १८८५ साली आयझरमान या डच अभियंत्याच्या लक्षात आले, की आज जो रुंद पाया दिसतो तो मूळचा नाही. त्याच्या आत आणखी एक पाया झाकलेला आहे, आणि त्यावर शिल्पेही आहेत. पुढे १८९० आणि १८९१ मध्ये बाहेरचे दगड टप्प्याटप्प्याने काढून आतल्या १६० शिल्पपटांची छायाचित्रे घेतली गेली आणि दगड पुन्हा जागच्या जागी बसवले गेले. ती छायाचित्रे काढणारे कासियन सेफास हे जावामधले पहिले स्थानिक व्यावसायिक छायाचित्रकार होते. आज अभ्यासकांना त्या पटांविषयी जे ठाऊक आहे, ते बव्हंशी त्यांच्या काचेच्या पट्ट्यांमुळेच.

त्या पटांचा विषय ‘कर्मविभंग’, म्हणजे कोणत्या कर्माचे कोणते फळ मिळते, हा आहे. त्यात चहाडी करणारे आहेत, मासे मारणारे आहेत, दान देणारे आहेत, आणि त्या त्या कृत्याबद्दल मिळालेले नरक आणि स्वर्गही आहेत. काही पटांच्या वरच्या कडेला प्राचीन जावी लिपीत एकदोन शब्द कोरलेले आढळतात. कोणत्या जागी काय कोरायचे याच्या त्या शिल्पकारांसाठीच्या सूचना असाव्यात आणि काम झाल्यावर त्या पुसायच्या राहून गेल्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात. त्यांतला एक शब्द आहे ‘विरूप’, दुसरा ‘स्वर्ग’. बाराशे वर्षांपूर्वी जावामधल्या एका मुकादमाने कारागिराला दिलेली सूचना मराठी माणसाला शब्दकोश न उघडता कळावी, हे वाचताना मला भाषेच्या प्रवासाचे जितके नवल वाटले, तितके एखादी राजवंशावळ वाचताना कधी वाटलेले नाही.

इतक्या कष्टाने कोरलेली शिल्पे मग झाकली का? याविषयी दोन मते आहेत. एक मत असे, की वासना आणि कर्मफळाचे हे चित्रण यात्रेकरूंच्या दृष्टीआड ठेवण्यामागे धार्मिक हेतू होता. दुसरे मत असे, की बांधकाम चालू असतानाच टेकडीचा भार सरकू लागला, पाया बाहेर झुकू लागला आणि तो आवरण्यासाठी भोवती दगडांचा जाड पट्टा बांधावा लागला. मला दुसरे मत अधिक पटते. काही पट अर्धवट कोरलेलेच राहिले आहेत, आणि केवळ झाकायचेच असते तर एवढ्या रुंदीचा भराव घालण्याचे कारण नव्हते. घराच्या खचणाऱ्या भिंतीला बाहेरून पुस्ता बांधतात, तसेच हे काम दिसते. हा तर्क खरा असेल, तर बोरोबुदूरची पहिली दुरुस्ती त्याच्या उभारणीच्या काळातच झाली. दुसऱ्या महायुद्धात जपानी अमलाखाली आग्नेय कोपऱ्यातला थोडा भाग पुन्हा उघडला गेला आणि तेवढे पट आजही पाहता येतात. भिजून काळ्या झालेल्या दगडावर ते शोधायला मला थोडा वेळ लागला.

पायावरून वर गेले, की चार सज्जे लागतात. दोन्ही बाजूंच्या भिंती शिल्पांनी भरलेल्या आणि वर उघडे आकाश. कथा सांगणारे पट १,४६० आणि सजावटीचे १,२१२, असे मिळून २,६७२ पट या वास्तूवर आहेत. पूर्वेच्या जिन्यापासून आरंभ करून वास्तू उजव्या हाताला ठेवत, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्याच रीतीने, चालायचे असते. पहिल्या सज्जात शिल्पांच्या चार मालिका आणि पुढच्या तिन्हींत दोन-दोन आहेत. म्हणून सगळे क्रमाने वाचायचे तर दहा फेऱ्या माराव्या लागतात. पहिल्या सज्जात ‘ललितविस्तर’ या संस्कृत ग्रंथावर आधारलेले बुद्धचरित्र १२० पटांत येते. सिद्धार्थाच्या जन्माच्या पूर्वसूचनेपासून सारनाथच्या पहिल्या उपदेशापर्यंत ते पोहोचते आणि तेथेच थांबते. महापरिनिर्वाणाचा प्रसंग येथे नाही. बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या जातककथाही आहेत. त्या पाहताना अजिंठ्याची आठवण येणे अटळ आहे. परंतु अजिंठ्याच्या चित्रांना निदान कातळाचे छप्पर लाभले, आणि येथे बोधिसत्त्वाच्या प्रत्येक जन्मावर दर वर्षी पावसाळा कोसळत आला आहे.

पहिल्याच सज्जात काही जहाजेही कोरलेली आहेत. दोन्ही अंगांना तरंगते आधार जोडलेल्या त्यांतल्या एका जहाजावरून हुबेहूब एक नौका बांधून २००३-०४ मध्ये ती जकार्ताहून आफ्रिकेतील घानापर्यंत नेण्यात आली. ती आता बोरोबुदूरच्या आवारातील संग्रहालयात ठेवलेली आहे. आठव्या शतकातल्या शिल्पकाराला जहाज कसे बांधतात हे नीट माहीत होते, याची यापेक्षा चांगली परीक्षा सुचणे कठीण आहे.

दहाव्या शतकात मध्य जावामधली राजसत्ता बेटाच्या पूर्वेकडे सरकली आणि ही वास्तू हळूहळू ओस पडली. स्थलांतराचे कारण ज्वालामुखी, राजकारण की व्यापार, यावर एकमत नाही. त्यानंतरच्या शतकांत ती ज्वालामुखीच्या राखेखाली आणि झाडीखाली गेली. जावाचे ब्रिटिश लेफ्टनंट गव्हर्नर स्टॅमफर्ड रॅफल्स यांनी १८१४ मध्ये कॉर्नेलियस या डच अभियंत्याला येथे धाडले आणि त्याने सुमारे दोनशे माणसे लावून झाडी तोडली, माती उपसली. यालाच ‘बोरोबुदूरचा शोध’ म्हणण्याची प्रथा आहे, जशी १८१९ मध्ये जॉन स्मिथने अजिंठा ‘शोधला’ असे म्हणण्याची आहे. दोन्ही ठिकाणी स्थानिकांना ती जागा अपरिचित नव्हती. अठराव्या शतकाविषयीच्या जावी बखरींत या टेकडीचा उल्लेख अपशकुनी जागा म्हणून येतो. तेथे मूर्ती पाहायला गेलेला एक राजपुत्र परतल्यावर आजारी पडून मेला, अशी कथा त्यांत आहे.

झाडी हटवण्याचा एक परिणाम मात्र कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. राखेचा आणि झाडांचा थर जसा वास्तूला पोखरत होता, तसा तो तिला झाकतही होता. तो निघाल्यावर शिल्पे पुन्हा ऊन-पावसाच्या थेट माऱ्यात आली. पाणी आत मुरू लागले, भिंती झुकू लागल्या, आणि त्यातच संग्राहकांची लूट सुरू झाली. १८८२ मध्ये तर सगळी शिल्पे काढून संग्रहालयांत हलवावीत, असा प्रस्ताव पुढे आला होता. १८९६ मध्ये सयामचे राजे चुलालोंगकोर्न भेटीला आले तेव्हा डच वसाहती सरकारने त्यांना आठ गाड्या भरून शिल्पे नेऊ दिली, आणि त्यांतली काही आजही बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. मुळात येथे बुद्धाच्या ५०४ मूर्ती होत्या. आज त्यांतल्या तीनशेहून अधिक भंगलेल्या आहेत आणि त्यांपैकी बहुतेकींना मस्तक नाही. सज्जातून फिरताना एका कोनाड्यात अभयमुद्रेतला हात शाबूत दिसतो आणि वर मान नसते.

पहिली मोठी शास्त्रीय दुरुस्ती १९०७ ते १९११ या काळात थिओडोर फान एर्प या डच सैनिकी अभियंत्याने केली. त्याने वरचे तिन्ही वर्तुळाकार थर आणि स्तूप सावरले, खालचे सज्जे साफ केले. परंतु मिळालेल्या पैशात टेकडीच्या पोटातल्या पाण्यापर्यंत पोहोचणे शक्य नव्हते, आणि त्या दुरुस्तीत वापरलेल्या काँक्रीटमधले क्षार पुढे पाण्याबरोबर पाझरून शिल्पांवर पसरले.

खरा उपाय झाला तो इंडोनेशिया सरकार आणि युनेस्को यांच्या १९७५ ते १९८२ या काळातल्या प्रकल्पात. चौरस थरांच्या भिंती चक्क उतरवल्या गेल्या. दहा लाखांहून अधिक दगड हलवले गेले. शिल्पांचे दगड एकेक करून क्रमांकित केले, त्यांची नोंद संगणकावर ठेवली, ते स्वच्छ केले आणि त्यांवरील शेवाळ व क्षार काढून त्यांच्यावर औषधोपचार केले. त्याच वेळी टेकडीत काँक्रीटचे आधार, पाणी अडवणारे आणि गाळणारे थर, आणि आतल्या आत पाणी वाहून नेणारे नळ घातले गेले. मग सगळे दगड जागच्या जागी. २३ फेब्रुवारी १९८३ रोजी वास्तू पुन्हा खुली झाली आणि १९९१ मध्ये तिची जागतिक वारसास्थळांत नोंद झाली. म्हणजे आज आपण ज्या भिंतीला हात लावण्याचा मोह आवरतो, तिच्यामागे विसाव्या शतकातली जलनिःसारण यंत्रणा आहे. काही मंडळींना यामुळे वास्तू ‘खरी’ राहिली नाही असे वाटते. मला तसे वाटत नाही. पहिल्या बांधकऱ्यांनी घातलेला तो जाड पुस्ता आणि हे नळ एकाच कामाचे दोन टप्पे आहेत.

त्यानंतरही आपत्ती थांबल्या नाहीत. २१ जानेवारी १९८५ रोजी झालेल्या बॉम्बस्फोटांत नऊ स्तूपांची हानी झाली. २०१० मध्ये मेरापीच्या उद्रेकाची राख येथे अडीच सेंटिमीटरपर्यंत साचली. राख आम्लधर्मी असते आणि पावसात भिजली की दगडाला अधिक बाधते, म्हणून ती घाईघाईने उपसावी लागली. अलीकडची काळजी आहे ती पावलांची. पायऱ्या झिजू लागल्यामुळे आता दिवसाला ठरावीक जणांनाच आणि तेही मार्गदर्शकाबरोबरच वर सोडतात, आणि आपली पादत्राणे काढून विणलेल्या मऊ चपला घालायला देतात. त्यांचे नाव ‘उपानत’. आपल्याकडे ‘उपानह’ हा शब्द पोथीबाहेर उरलेला नाही. तेथे तो तिकिटाबरोबर पायात मिळतो.

वर पोहोचलो तेव्हा पाऊस रिमझिम झाला होता. खालच्या सज्जांत प्रत्येक चौरस फुटावर काही ना काही घडत असते, आणि वर एकाएकी कथा संपते. ३२, २४ आणि १६ अशा तीन वलयांत ७२ जाळीदार स्तूप, आणि प्रत्येकात धर्मचक्रमुद्रेत बसलेला, छिद्रांतून अर्धाच दिसणारा बुद्ध. मधला मोठा स्तूप वरून तुटल्यासारखा दिसतो. फान एर्पने त्यावर तीन टप्प्यांचे दगडी छत्र बसवले होते. पण मूळचे पुरेसे दगड हाती नाहीत हे मान्य करून त्याने ते स्वतःच उतरवले. ते पुन्हा चढवावे, असा आग्रह गेल्या काही वर्षांत धरला गेला आहे आणि पुरातत्त्वज्ञांनी त्याला हरकत घेतली आहे. मीही हरकतीच्याच बाजूचा आहे. ज्याने ते रचले त्यालाच खात्री नव्हती, तर आपण ती कोठून आणणार?

उतरल्यावर ते छत्र पाहायला आवारातल्या संग्रहालयात गेलो. बाहेर पावसाने पुन्हा जोर धरला होता, वरचा स्तूप उघड्यावर निथळत होता, आणि त्याचे छत्र येथे कौलांखाली अगदी कोरडे उभे होते.