एकाच कुळातली तीन वाद्ये

सोलमधल्या एका लहानशा सभागृहात मी ध्वनिसंयोजक म्हणून काम करत असताना जपान, चीन आणि कोरिया या तिन्ही देशांच्या कलावंतांची एकत्र तालीम माझ्याकडे आली. जपानचे कोतो, चीनचे गुझेंग आणि कोरियाची गायागम ही एकाच कुळातली वाद्ये. लांबट, आडवी, पावलोनियाच्या हलक्या लाकडाची आणि प्रत्येक तारेखाली सरकती घोडी असलेली. त्यामुळे तिघांनाही सारखाच मायक्रोफोन सारख्याच अंतरावर लावावा, असे आयोजकांनी आधीच ठरवून ठेवले होते.

ही व्यवस्था पहिल्या तासाभरातच मोडावी लागली. गुझेंगच्या 21 तारा पोलादी, वर नायलॉन गुंडाळलेल्या. कलावंताच्या दोन्ही हातांच्या बोटांना नख्या चिकटवलेल्या. मोकळ्या तारा भूपाच्या स्वरांत लागलेल्या असल्याने आपला कान लगेच रमतो खरा, पण तारांवरून हात फिरला की आस इतकी लांबते की त्या सभागृहात स्वर एकमेकांत मिसळून गढूळ होऊ लागले. म्हणून मायक्रोफोन जवळ आणून आवाज कमी केला. कोतोच्या 13 तारा हिराजोशी जुळणीत होत्या. पहिली तार षड्ज धरली तर त्यातून गुणकलीचे स्वर मिळतात. उजव्या हाताच्या तीन नख्यांनी निघणारा आघात टोकदार असतो आणि दोन आघातांमधली शांतताही वादनाचाच भाग असते. म्हणून तिथे मायक्रोफोन लांब नेला.

खरी कसोटी गायागमने पाहिली. तिच्या 12 तारा पीळ दिलेल्या रेशमाच्या, आणि त्या उघड्या बोटांनी छेडायच्या. स्वर उमटतो आणि लगेच विरू लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी डावा हात घोडीपलीकडची तार दाबून त्याला आंदोलन देतो. तिथल्या करुण वळणाच्या ग्येम्योनजो या रचनापद्धतीत एक स्वर रुंद हलवतात, एक सरळ ठेवतात आणि एक वरून झुकवून खाली आणतात. म्हणजे संगीत छेडण्यानंतर सुरू होते. ते शेपूट पकडण्यासाठी मायक्रोफोन वीतभर अंतरावर आणून पातळी चांगलीच वाढवावी लागली. त्यात वादिकेचा श्वासही ऐकू येऊ लागला, तो मी राहू दिला.

दुपारी गायनाची तालीम होती. जिउता ही जपानी गायनशैली गाणारी कलावंत शामिसेन हे तीन तारांचे वाद्य स्वतःच वाजवत होती; तिचा संयत आवाज वाद्याच्या किंचित मागेपुढे चालतो, आणि शामिसेनच्या जाड तारेची झणझण ऐकताना मला तंबोऱ्याची जवारीच आठवली. त्यानंतर पानसोरी या कोरियन कथागायनाचा गायक हातात पंखा घेऊन उभा राहिला आणि त्याच्या खरखरीत, घासून कमावलेल्या आवाजाने ध्वनिपटाचे काटे थेट लाल पट्ट्यात नेले. माझ्या मते हा खरखरीतपणा यंत्राने गुळगुळीत करणे म्हणजे गाणेच पुसून टाकणे होय.

त्याच्याशेजारी बसलेला ढोलवादक, म्हणजे गोसू, मध्येच मोठ्याने दाद देत होता. माझ्या सहकाऱ्याने त्याचा मायक्रोफोन तेवढ्यापुरता बंद करण्याचे सुचवले. परंतु पानसोरीत चुइमसे नावाची ही दाद तालाइतकीच आवश्यक असते. ती आली नाही तर गायकाला पुढची उठावणी घेणे जड जाते. गोसूसाठी मी ढोलाखेरीज तोंडाजवळही एक मायक्रोफोन लावला.