एपफ्रदीताला परत पाठवलं, ते कोणी वाचत नाही

आमच्याकडे चर्चमध्ये आज्ञापालनावर उपदेश म्हटलं की बायबलातल्या फिलिप्पैकरांस पत्राचा, म्हणजे प्रेषित पौलाने फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा, दुसरा अध्याय ठरलेला. ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, वधस्तंभावरच्या मरणापर्यंत आज्ञा पाळली, मग आमेन, मग दानार्पणाचं गीत. त्याच अध्यायाच्या शेवटी एपफ्रदीत नावाचा एक माणूस आहे, त्याच्यापर्यंत कोणी पोचतच नाही, तोवर साडेबारा झालेले असतात आणि नंदुरबारचं ऊन माहितीये ना, अर्ध्या मंडळीचं लक्ष बाहेर चपला सावलीत आहेत का उन्हात याच्याकडेच.

तर हा एपफ्रदीत. पौल कैदेत होता. फिलिप्पैच्या मंडळीने त्याच्यासाठी मदत जमवली आणि ती घेऊन याला पाठवलं. परंपरेने ती कैद रोममधली मानतात, म्हणजे हजार किलोमीटरच्या वर प्रवास, तोही त्या काळातला. तिथे हा इतका आजारी पडला की मरता मरता वाचला. बरं त्याला काळजी कसली, तर आपण आजारी असल्याचं घरी कळलं आणि मंडळी घाबरली असेल याची! आता आपल्याकडचा एखादा पुढारी असता तर म्हणाला असता की बाबा नांगराला हात घातलाय, मागे बघू नको, सहन कर. पौलाने काय केलं, त्याला घरी पाठवलं, आणि वर मंडळीला लिहिलं की याला आनंदाने घ्या, अशांचा मान राखा, कारण ख्रिस्ताच्या कामासाठी याने जीव धोक्यात घातला होता. तो वाचला नसता तर आपल्याला दुःखावर दुःख झालं असतं असंही पौलच लिहितो, लपवत नाही.

मला हे फार मोठं वाटतं, कारण आपल्याकडे सेवेवरून परत आलेल्या माणसाकडे कसं बघतात ते मी बघितलंय. अक्राणी साईडला वर सातपुड्यात सेवेला गेलेला एक पोरगा मलेरियाने अर्धा होऊन खाली आला, तर मंडळीत पहिला प्रश्न काय, "का रे, पाचारण नव्हतं का?" म्हणजे देवाने बोलावलंच नव्हतं का. त्याला कोणी जेवायला बोलावलं नाही. आज्ञा पाळायची त्याने, सोसायचं त्याने, आणि आपण पाठवणारे फक्त मिशन रिपोर्ट ऐकणार आणि टाळ्या वाजवणार.

उलटंही बघितलंय. नवापूरकडची आमची जवळजवळ निम्मी माणसं दिवाळी झाली की कोयता घेऊन गुजरातेत बारडोली भागात ऊसतोडीला जातात, नाताळला चर्चमध्ये म्हातारे आणि शाळेची पोरंच उरतात. तर एक पाळक (नाव लिहिलं तर रागावतील) दर सीझनला त्या पडावावर जातात. पडाव म्हणजे शेताच्या कडेला पाल ठोकून केलेली वस्ती, आत वाकूनच जावं लागतं, खाली उसाचं पाचट अंथरलेलं. ट्रक कधी लागेल याचा नेम नाही, म्हणून लोक पहाटे अंधारात उठतात. हे जाऊन माईक लावून उपदेश करत नाहीत, रात्री पालाबाहेर जाळाशी बसतात, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) किती, त्यातली कापली किती, खावटीच्या म्हणजे खाण्यासाठी उधार दिलेल्या ज्वारीवर व्याज किती लावलं त्याचा हिशोब एका पोराच्या वहीत लिहून देतात, मग प्रार्थना करतात आणि तिथेच झोपतात. हाताला कोयता लागलेल्या एका बाईला ते मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात घेऊन गेले, मुकादम सोडत नव्हता त्याच्याशी भांडून. मुकादमाचं ऐकत नाहीत म्हणून त्यांना कोणी आज्ञाधारक म्हणणार नाही कदाचित, मी म्हणते.

आता दुसरी बाजू, जी व्यासपीठावरून कधीच येत नाही. एकाच्या आज्ञापालनाचा खर्च घरातलं दुसरंच कोणीतरी भरत असतं. आपले कवी रेव्हरंड टिळकच घ्या ना, नारायण वामन टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० ला, मधली वर्षं त्या बाईने नातलगांत कशी काढली असतील, पदरात मूल, नवरा जिवंत आणि तरी नसल्यासारखा. टिळकांच्या धैर्यावर उपदेश खूप ऐकले, लक्ष्मीबाईंच्या त्या वर्षांवर एकही नाही. आणि १९१७ ला टिळकांनी मिशनची नोकरी सोडली तेव्हाही घर चालवायचं कोणाला होतं?

त्या पाळकांच्या पाळकबाईंचंही तेच. नवरा पडावावर, घरात दोन पोरं, मानधन महिन्याच्या कोणत्या तारखेला येईल ते प्रभूलाच ठाऊक. मागच्या सीझनला त्यांना डेंग्यू झाला होता, चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलातून सोडून आणलं आणि दोन दिवसांनी बघते तर बाई चुलीपुढे. आमच्या महिला संघातली एक आजी दारातूनच ओरडली, "काय वं माय, अंगमा ताप शे नि तू भाकरी थापी राह्यनी?" आणि परात ओढूनच घेतली. मग आळीपाळीने डबा सुरू झाला, कळण्याची भाकरी, ठेचा, पोरांना खिचडी. यात कोणी साक्ष दिली नाही की फोटो ग्रुपवर टाकला नाही.

पाळकबाई बऱ्या झाल्यावर म्हणाल्या, मला डबा नको, मला पण पडावावर न्या, तिथल्या बायका ह्यांच्याशी बाळंतपणाचं आणि अंगावरून जाण्याचं थोडंच बोलणार आहेत? बरोबर आहे की! म्हणून यंदा संक्रांतीनंतर महिला संघाच्या आम्ही काहीजणी जाणार आहोत, सोबत नर्सिंग झालेली एक मुलगी, गोधड्या आणि लहान पोरांचे स्वेटर. टेम्पो मिळालाय. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीत दोघांचं म्हणणं की बायकांनी रात्री पडावावर राहणं बरं दिसत नाही, आणि डिझेलचे पैसे बांधकाम फंडातून देता येणार नाहीत. राहणार तर आम्ही आहोतच, डिझेलचं येत्या रविवारी भक्तीनंतर बघू.