अकरा वर्षं दहा महिने

क्रूझच्या जहाजावर मुलांच्या विभागात काम करते, म्हटलं की लोकांना वाटतं दिवसभर लहान मुलांची रडारड सांभाळत असेन. तीन-चार वर्षांची मुलं रडतात, हे खरं. पण त्यांची समजूत घालता येते. कसोटी लागते ती दहा-अकरापासून सोळा-सतरापर्यंतच्या मुलांबरोबर. आई-बाबांच्या मागे मागे फिरायचं नसतं, 'मुलांच्या क्लब'मध्ये बसणं कमीपणाचं वाटतं, आणि एकटं राहणंही नको असतं. खरं तर या वयाला जहाजासारखी जागा नाही. आपापलं उठावं, आपापलं जेवावं, मित्र शोधावेत आणि तरी घरचे हाकेच्या अंतरावर असावेत, असं स्वातंत्र्य त्यांना एरवी कुठे मिळतं? फक्त ते किती आणि कसं, हे बहुतेक घरांमध्ये जहाजावर चढेपर्यंत कुणी बोललेलंच नसतं.

ज्या दिवसाबद्दल लिहितेय तो सी-डे होता. वाटेत बंदर नाही, सकाळपासून रात्रीपर्यंत जहाज चालतंय, सगळे प्रवासी जहाजावरच. आमच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी असते ती याच दिवशी.

दोन बहिणींची दोन कुटुंबं एकत्र आली होती. थोरलीला दोन मुलं, सोळा वर्षांची मुलगी आणि बारा वर्षांचा मुलगा. धाकटीला एकच मुलगा, वय अकरा वर्षं दहा महिने. हे दहा महिने मला पाठ आहेत, कारण पहिल्याच दिवशी नावनोंदणीच्या टेबलाशी त्यावरून बराच वेळ बोलणं झालं. आमच्या जहाजावर ९ ते ११, १२ ते १४ आणि १५ ते १७ असे मोठ्या मुलांचे गट आहेत. बहुतेक जहाजांवर थोड्याफार फरकाने अशीच विभागणी असते. वय धरतात ते पासपोर्टवरच्या जन्मतारखेवरून. म्हणजे हे दोघं मावसभाऊ वेगवेगळ्या गटांत जाणार होते.

"दोनच महिने कमी आहेत हो," त्याची आई म्हणाली. "घ्या ना त्याला वरच्या गटात. दोघं पाळण्यापासून बरोबर आहेत."

मला नाही म्हणावं लागलं. नियम कडक आहे, पण तो मला पटतो. बाराच्या पुढची मुलं आमच्याकडे मर्जीने येतात-जातात, त्यांना कुणी सही करून सोडत नाही. चौदा वर्षांच्या मुलांच्या गप्पाही वेगळ्या असतात. प्रवासाची तारीख ठरवताना मुलांचे वाढदिवस एकदा समोर मांडून बघावेत, असं मी ओळखीच्या सगळ्यांना सांगत असते. महिना-दीड महिना पुढे-मागे केल्याने भावंडं एका गटात येत असतील तर त्याइतकी चांगली गोष्ट नाही.

९ ते ११ च्या गटात पालकांनी फॉर्मवर परवानगी दिली तर मूल स्वतः सही करून बाहेर पडू शकतं. त्याच्या आईने ती परवानगी दिली. भावापासून तुटलाय, निदान एवढं तरी, असं तिला वाटलं असावं. मग मागे वळून भाचीला म्हणाली, "तू मोठी आहेस गं, याच्यावर जरा लक्ष ठेव." भाची काही बोलली नाही.

सी-डेच्या दिवशी तो मुलगा सकाळी आला, थोडा वेळ बसला आणि १०:४० ला बाहेर पडला. सव्वा वाजता त्याची आई दारात आली. "जेवायला आला नाही, इथेच रमला वाटतं."

मी रजिस्टर तिच्यापुढे धरलं. इतर मुलांनी कशाही गिरगटलेल्या सह्यांच्या मध्ये त्याचं पूर्ण नाव होतं, एकेक अक्षर सुटं आणि दाबून लिहिलेलं, समोर वेळ. स्वतःची सही करायची ही त्याची पहिलीच वेळ असावी. तिने दोनदा वाचलं आणि खुर्चीवर बसली.

पुढच्या पाच मिनिटांत कळलं ते असं. आई समजत होती तो क्लबमध्ये आहे. मावशी समजत होती तो ताईबरोबर आहे. ताईला वाटत होतं तो तिच्या भावाबरोबर गेलाय. आणि तो भाऊ आपल्या गटाबरोबर वर बास्केटबॉल खेळत होता, त्याने याला सकाळपासून पाहिलंच नव्हतं. जहाजाच्या ॲपवरून निरोप पाठवता येतो, पण मुलाचा फोन केबिनमध्ये चार्जिंगला लावलेला होता. अडीच तास त्या मुलाचा पत्ता कुणालाच नव्हता, आणि चौघांपैकी कुणालाही काळजी वाटली नव्हती, कारण प्रत्येकाच्या हिशेबात तो दुसऱ्या कुणाजवळ तरी होता.

मी सुरक्षा विभागाला फोन केला. इथे वाट बघत नाहीत. पहिल्यांदा केबिन तपासतात, आणि नुसतं डोकावून नाही. कपाट, पडद्यामागची जागा, छतातून खाली येणारा वरचा पलंग, बाल्कनी, बाथरूम, सगळं. मुलं बऱ्याचदा तिथेच झोपलेली सापडतात. हा नव्हता. मग कार्डाची नोंद. पालकांचा समज असतो की गळ्यातल्या कार्डावरून मूल कुठे आहे ते आम्हाला दिसतं. तसं नसतं. आमच्याकडे कार्डाची नोंद होते ती केबिनचं दार उघडताना, काही विकत घेताना आणि बंदरावर चढता-उतरताना. त्याच्या कार्डाने दार शेवटचं उघडलं होतं १०:५२ ला. त्यानंतर काही नाही.

चढताना प्रत्येक प्रवाशाचा फोटो काढलेला असतो. तो सगळ्या विभागांना गेला. ध्वनिक्षेपकावरून त्याचं नाव पुकारलं. पोहण्याचे तलाव, घसरगुंड्या, गेम्सची खोली, बुफे, प्रत्येक विभागाने आपापला भाग वाटून घेतला. कॅमेऱ्यांचं चित्रण मागे नेऊन बघायला दोन माणसं बसली. तीनशे मीटरहून लांब जहाजावर १०:५२ पासूनचं चित्रण म्हणजे बराच वेळ जाणार होता.

ब्रिजला, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या कक्षालाही कळवलं होतं. तिथे त्याची वेळ आणि जहाजाचं स्थान टिपून ठेवलं गेलं. का, ते मला माहीत होतं. एखादा माणूस पाण्यात पडला असण्याची शक्यता दिसली तर जहाज वळवून आलेल्याच मार्गावर उलटं न्यायचं असतं. विल्यमसन टर्न नावाची ठरलेली पद्धत आहे त्यासाठी. मी हे त्याच्या आईला सांगितलं नाही. पण ती बाल्कनीच्या दारात उभी राहून कठड्याकडे बघत होती.

"तो पडला तर नसेल ना?"

मी तिला मला जे पक्कं माहीत होतं तेवढंच सांगितलं. अमेरिकेच्या २०१० च्या कायद्याने तिथून प्रवासी नेणाऱ्या मोठ्या जहाजांवर कठडा किमान ४२ इंच उंच लागतो, आणि आमच्या जहाजाचा कठडा त्या मापाचा आहे. त्याच्या उंचीच्या मुलाच्या तो छातीपर्यंत येतो. चालता चालता कुणी त्यावरून जात नाही, वर चढावं लागतं. "तो चढणारा मुलगा आहे का?" मी विचारलं. ती म्हणाली, "नाही. तो बघत बसणारा आहे."

'काही होणार नाही' असं मी म्हणाले नाही. ते मला कुठे माहीत होतं? पण 'बघत बसणारा' हे माझ्या डोक्यात राहिलं.

मी बाहेर येऊन मोठ्या मुलीला शोधलं. ती जिन्याच्या पायरीवर बसली होती, डोळे लाल. मी शेजारी बसले तर ती उसळलीच. "सगळे मलाच बोलतायत. लक्ष ठेव म्हणाले, चालेल का असं कुणी विचारलं? मी पण सुट्टीवरच आलेय ना?"

तिचं बरोबर होतं आणि मी तिला तसं सांगितलं. मग विचारलं, की तो कुठे गेला असेल ते राहू दे, या दोन दिवसांत तो सारखं कशाबद्दल बोलत होता?

तिने डोळे पुसले. "काल रात्रीच्या शोबद्दल. ती गायिका जमिनीतून वर येते ना, ती कशी येते. खाली कोण असतं. झोपेपर्यंत विचारत होता."

थिएटर जहाजाच्या पुढच्या टोकाला आहे. त्या दुपारी तिथे रात्रीच्या कार्यक्रमाची तांत्रिक तालीम चालू होती. मुख्य दारं प्रवाशांसाठी बंद, आणि साध्या घोषणा तालमीत व्यत्यय नको म्हणून आत ऐकू येणार नाहीत अशा ठेवलेल्या. मी रेडिओवर सांगितलं की थिएटर बघायला निघालेय, आणि धावले.

तो अगदी मागे, दिव्यांच्या आणि ध्वनीच्या कंट्रोल डेस्कपाशी होता. कानाला त्याच्या डोक्याला मोठा होणारा हेडसेट, तो घसरू नये म्हणून एका हाताने धरलेला. डेस्कवर बटणांच्या रांगांखाली पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर पेनने आकडे लिहिलेले होते. पडद्याआडून स्टेज मॅनेजरने सूचनेचा आकडा उच्चारला की तंत्रज्ञ बाई बटण दाबायच्या, आणि हा पुढच्या आकड्यावर बोट ठेवून वाट बघायचा. बटणाला स्पर्श नाही. बोट नुसतं पट्टीवर. मी दारात असतानाच स्टेजच्या मधला चौकोन खाली सरकला, रिकामा प्लॅटफॉर्म वर आला, आणि तो पुटपुटला, "आत्ता कुलूप लागलं त्याला." प्लॅटफॉर्म वर येऊन पक्का अडकल्याचा दिवा लागल्याशिवाय त्यावर कुणी पाय ठेवत नाही, हे त्याला तोवर समजलेलं होतं.

मी आधी रेडिओवर सांगितलं. "सापडला. थिएटर. सुखरूप आहे." मग त्याच्या खांद्याला हात लावला. त्याने हेडसेट काढला. "किती वाजले?" थिएटरला खिडक्या नसतात. दोन वाजून गेले होते.

बाजूच्या दारातून तो आत शिरला होता आणि तासभर शेवटच्या रांगेत बसून होता. तंत्रज्ञ बाईंना वाटलं कुणा सहकाऱ्याबरोबर आलाय, म्हणून त्यांनी जवळ बोलावलं. सुरक्षा अधिकाऱ्याने त्यांना तिथेच ठामपणे सांगितलं की लहान मूल पालकाशिवाय दिसलं की आधी आम्हाला कळवायचं. त्यांनी ते मान्य केलं आणि त्या मुलापुढे गुडघ्यावर बसून म्हणाल्या, "तुझे प्रश्न चांगले होते. पुढच्या वेळी आई-बाबांना घेऊन ये."

आईने त्याला घट्ट धरलं, आणि सैल सोडल्यावर पहिलं वाक्य बोलली ते असं: "आता उरलेले सगळे दिवस माझ्याबरोबर. एक पाऊल एकटं टाकायचं नाही."

तिच्या जागी कोणतीही आई हेच म्हणाली असती. पण मला ते पटलं नाही, आणि संध्याकाळी क्लब उघडण्यापूर्वी मी दोन्ही कुटुंबांना बोलावून ते स्पष्ट सांगितलं. या मुलाने एकही नियम मोडला नव्हता. फॉर्मवर परवानगी होती म्हणून तो सही करून बाहेर पडला. किती वाजता परत यायचं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. 'जेवायला भेटू' ही काही वेळ झाली नाही.

मग आम्ही टेबलाभोवती बसलो आणि एकेक गोष्ट ठरवली. प्रत्येकाच्या मनगटावर घड्याळ, फोनच्या भरवशावर राहायचं नाही. जागा बदलली की केबिनच्या दारावर चिठ्ठी, कारण ते दार सगळ्यांच्या वाटेवर असतं. दुसऱ्या कुणाच्याही केबिनमध्ये जायचं नाही आणि कुणाला आपल्या केबिनमध्ये आणायचं नाही, मैत्री कितीही झालेली असो. हे मी मोठ्या मुलीकडे बघून दोनदा म्हटलं. तिने मान डोलावली.

मग मी तिघाही मुलांना विचारलं, तुमचं मस्टर स्टेशन, म्हणजे धोक्याच्या वेळी जमायची जागा, कोणती? एकालाही सांगता आलं नाही, आणि कार्डावर ते छापलेलं असतं. लहान मुलांच्या मनगटावर आम्ही त्याचा पट्टा बांधतो. बारा पूर्ण झाली की तो पट्टा जातो, आणि नेमकी हीच मुलं घरच्यांपासून सगळ्यात लांब असतात. १३ जानेवारी २०१२ ला इटलीतल्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट खडकावर आदळली. ३२ माणसं गेली. धोक्याच्या वेळी कुठे जमायचं याची कवायत त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची तोवर झालेलीच नव्हती. १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियमच बदलला, आता जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी कवायत व्हावी लागते. मुलं ऐकत होती. सात आखूड भोंगे आणि एक लांब ऐकला तर काय कराल, मी विचारलं. "आईला शोधू," बारा वर्षांचा मुलगा म्हणाला. नाही. आईला शोधत जहाजभर फिरायचं नाही. कार्डावरच्या अक्षराच्या जागी जायचं, आईही तिथेच येईल. आईनेही हे त्याच्याइतकंच लक्षपूर्वक ऐकलं.

राहता राहिला प्रश्न धाकट्याच्या मोकळीकीचा. त्याच्या बाबांनी 'एक तास' म्हटलं. त्याने दोन मागितले. आई गप्प होती. शेवटी तीच म्हणाली, "दीड. आणि कुठे जाणार ते आधी." मावशीने आपल्या मुलीला सांगितलं की तिच्यावर आता कुणाचीही जबाबदारी नाही. ती त्या रात्री १५ ते १७ च्या खोलीत आली. गटात शिरायला पहिली रात्र सगळ्यात सोपी असते, आणि ती तिची हुकली होती. म्हणून मी तिला दोन गप्पिष्ट मुलींच्या टेबलावर बसवलं आणि बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी थिएटरच्या व्यवस्थापकांनी परवानगी दिली. आई-बाबांना बरोबर घेऊन तो स्टेजखाली जाऊन आला, ती लिफ्ट खालून बघून आला, आणि मग क्लबमध्ये येऊन बारा वर्षांच्या भावाला तिचं चित्र काढून दाखवत बसला. भाऊ त्यासाठी आपला गट सोडून आला होता. वरच्या गटाच्या मुलांना खालच्या गटात बसायची मुभा नसते, म्हणून मी त्या दोघांचं टेबल दाराबाहेर मांडून दिलं.