टोमॅटोच्या नावानं
आज पोमोडोरो करून बघितलं. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी. पोमोडोरो म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. फ्रान्चेस्को चिरिल्लोने १९८०च्या दशकात, विद्यार्थी असताना, टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवर हे सुरू केलं. माझ्याकडे आपला मोबाइल, उपडा ठेवलेला.

पहिल्याच फेरीत आई दारात. "अगं, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या?" मोजल्यात कोणी!

दुसरी फेरी मात्र अशी लागली की गजर झाल्यावर उठायचं जिवावर आलं. तरी उठले, दोरीवरचे कपडे काढायला घेतले आणि सकाळपासून अडलेला अनुवादातला एक शब्द चिमटे काढता काढता सुचला. तिसऱ्या सुट्टीत फोन सुलटा केला. पाचाची पंचवीस झाली, काय सांगू!

तरी संध्याकाळपर्यंत चार पानं झाली. एरवी दोन होतात. कुकरचा तळ तेवढा भिजत घातलाय.